पिवळं जरा कमी करा

वहिनींना रंगातलं कळतं, हे जगाला सांगायला वहिनी स्वतःच पुरेशा होत्या. पण कबूल करायला हवं, त्यात खोटं काही नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी दोरे, बटणं आणि अस्तरं विकणाऱ्या दुकानात काढलं. गिऱ्हाइकाने कापडाचा बोटभर तुकडा पुढे केला की त्या तो दाराच्या उजेडात नेऊन बघत आणि परत येऊन फळीवरून एकच रीळ काढत. एकच. बाकीच्या विक्रेत्या ढीगभर रिळं मांडून 'यातलं बघा कुठलं बसतंय' म्हणत, ते वहिनींना अजिबात खपत नसे. आजूबाजूच्या शिंप्यांनी त्यांना 'काटा' असं नाव पाडलं होतं, सोनाराच्या वजनकाट्यावरून. वहिनी वरवर रागवायच्या, पण मनातून खूश असायच्या.

नोकरी संपली आणि पाठोपाठ दादा गेले. दादा म्हणजे वहिनींचे यजमान; सगळं घर त्यांना दादा म्हणायचं, वहिनी तेवढ्या 'हे' म्हणायच्या. दादा गेल्यावर वहिनींनी खिडकीतली खुर्ची धरली ती सोडेचनात. ताट पुढ्यात आणलं तर चार घास, नाहीतर तेही नाही. लेक दुसऱ्या गावी राहायची. ती येऊन राहिली, समजावून झालं, रागावून झालं. शेवटी एके दिवशी तिने आपला जुना लॅपटॉप आईपुढे उघडून ठेवला आणि म्हणाली, फोटो नीट करायची एक साइट आहे, विकत काही घ्यायचं नाही, शिकायचंही फारसं काही नाही, नुसतं बघ.

वहिनींनी नाक मुरडलं. लेकीने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने एक जुना फोटो उचलून साइटवर टाकला. फोटो स्वयंपाकघराचा होता, म्हणजे खिडकी तेवढी पांढरीफट्ट दिसत होती आणि बाकी सगळा काळोख. असला फोटो जपून ठेवला तरी कशाला, असंच कुणीही म्हटलं असतं. फोटोखाली काही आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेवर एक गोल टिकली. लेकीने 'सावल्या' लिहिलेल्या रेघेवरची टिकली धरली आणि हळूहळू उजवीकडे सरकवली.

काळोख पातळ होत गेला. आधी ओट्याची कड दिसली, मग एक कोपर, मग पातेल्यात बुडलेला डाव, आणि मग दादा. खांद्यावर फडकं टाकून दादा तिथे उभे होते आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

वहिनी खुर्चीतून पुढे झुकल्या. "ह्यांना तिथे कुणी घातलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही गं आई. बाबा फोटोत होतेच. अंधारात होते, एवढंच."

 वहिनींनी स्वतः बोट पुढे केलं. टिकली डावीकडे नेली, दादा गेले. उजवीकडे आणली, दादा आले. पुन्हा नेली, पुन्हा आणली. आपल्याच घरात, आपल्याच ओट्याशी, इतकी वर्षं हा माणूस काळोखात हसत उभा होता आणि कुणाला पत्ता नव्हता, हे त्यांच्या डोक्यात मावेना. लेकीने बघितलं तर आई रडतही होती आणि हसतही होती. त्या दिवशी वहिनी पोटभर जेवल्या.

मग काय, वहिनींना नादच लागला. टिकलीला त्या 'मणी' म्हणू लागल्या, कारण दोऱ्यात ओवलेला मणी सरकतो तशी ती सरकायची. उजेडाचा मणी, ठसठशीतपणाचा मणी, रंग गडद करायचा मणी. आणि एक मणी थंड-गरमचा: उजवीकडे नेला की फोटोवर उन्हासारखं पिवळं चढायचं, डावीकडे नेला की निळसर गारवा. साइटवर तयार फिल्टरही होते, एका टिचकीत फोटोचं रूपडं पालटून टाकणारे. लेकीला ते भारी आवडायचे. वहिनींनी त्यांची किंमत तयार कपड्यांइतकीच केली. अंगावर चढतात, पण मापाचे नसतात, म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणून त्यांच्या वाटेला गेल्या नाहीत.

सकाळचा चहा झाला की त्या लॅपटॉपपुढे बसायच्या. अख्ख्या गोतावळ्याचे फोटो त्यांच्याकडे येऊ लागले. भाचीचं बाळ अंधारात, मावसबहिणीचा चेहरा उन्हाने पांढरा पडलेला, चुलतसासऱ्यांचा फोटो असा कललेला की बघणाऱ्याची मान दुखावी. वहिनी एकेकाला मार्गी लावायच्या. आणि दर वेळी तक्रार एकच: फोटो पिवळे. जो येईल तो पिवळा. आजकालच्या फोनना झालंय तरी काय, सगळ्यांना चहाच्या पाण्यातून काढल्यासारखं दिसतं, असं पुटपुटत त्या थंड-गरमचा मणी डावीकडे ओढायच्या, पांढरं पांढरं दिसेपर्यंत ओढायच्या, आणि समाधानाने 'जतन करा' दाबायच्या. जतनही जुन्याच्या जागेवर. पिवळे फोटो ठेवून काय लोणचं घालायचंय?

छापायला हे सगळे फोटो भाऊजींकडे जायचे. भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा ते शाळेत होते आणि त्यांच्या शर्टांची बटणं वहिनींनीच लावली. आता चौकात त्यांचं फोटो छापायचं दुकान होतं: ओळखपत्राचे फोटो, लॅमिनेशन, फ्रेमा. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, घरात वहिनी एवढं बोलतात की आणखी कुणाची गरजच भासली नाही.

रविवारी संध्याकाळी ते छापलेले फोटो घेऊन यायचे आणि दर रविवारी तेच नाटक व्हायचं. वहिनी फोटो हातात घेत, नाकाशी धरत आणि म्हणत, भाऊजी, तुमचं मशीन पिवळं मारतंय, पिवळं जरा कमी करा. भाऊजी मान डोलावत. मशीन म्हातारं झालंय वहिनी, माझ्यासारखंच, असं म्हणून चहात बिस्किट बुडवत. मग दोघं दादांच्या गोष्टी काढत. दादांनी कुणाकुणाची कशी फिरकी घेतली, कुठे कसे फजीत पावले, त्याच त्या गोष्टी, पण दोघांनाही त्या पुरत नसत. पुढच्या रविवारी फोटो पुन्हा पिवळेच.

एकदा, फार जपून, भाऊजी म्हणाले होते की वहिनी, डोळे एकदा दाखवून येऊ या का. झालं! वहिनींनी उठून सुई काढली, चष्म्याशिवाय तिच्यात दोरा ओवला आणि ती सुई भाऊजींच्या नाकासमोर धरली. काय समजायचं ते भाऊजी समजले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. बिनसलं ते दादांच्या फोटोवरून.

तो फोटो भाऊजींनीच काढलेला होता, आपल्या दुकानाच्या दारात, दादा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. अंगात पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले, आणि चेहऱ्यावर ते अर्धवट हसू, नुकतीच कुणाची तरी टोपी उडवल्यासारखं. दादांचा इतका छान फोटो दुसरा नव्हता. हात चांगला बसल्याशिवाय याला शिवायचं नाही, असं वहिनींनी ठरवून ठेवलं होतं. मग एके दिवशी सकाळपासून त्या तो घेऊन बसल्या. उजेडाचा मणी केसभर पुढे, केसभर मागे. शर्ट पिवळट दिसत होता, तो आत्ताच धुऊन वाळवल्यासारखा पांढरा केला. फोटो भाऊजींना पाठवला आणि बजावलं, भिंतीवर लावायचाय, मोठा छापा, आणि माझ्या पडद्यावर आहे तस्साच हवा.

भाऊजी तो घेऊन आले. वहिनींनी कागद उलगडला आणि त्यांचा पारा चढला. पिवळा! ह्यांना काय कावीळ झाली होती का, म्हणाल्या. जन्मभर माझ्या हातचे पांढरेशुभ्र कपडे घालून वावरलेला माणूस, त्याला तुम्ही हळदीत बुडवून आणलात. न्या परत आणि नीट छापा.

या वेळी भाऊजी हसले नाहीत. "वहिनी, दुसरं काहीही सांगा," ते म्हणाले. "दादाचा फोटो मी असाच छापणार."

"मग राहू दे. रंग मला कळतो, तुमच्या मशीनला नाही."

वहिनींनी तो फोटो परस्पर दुसऱ्या एका मोठ्या दुकानाला पाठवून दिला. तिथल्या लोकांना ना दादा ठाऊक ना वहिनी. जसा आला तसा त्यांनी छापला आणि फ्रेम घरपोच आली. वहिनींनी ती दारासमोरच्या भिंतीवर लावली, मागे सरून बघितलं आणि मान हलवली. बरोब्बर. रविवारी भाऊजी आले ते दारातच थबकले. भिंतीकडे बघत राहिले. चहाचा कप भरलेला तसाच ठेवून निघून गेले आणि त्यानंतर त्यांचं येणंच थांबलं.

वहिनीही काही कमी नाहीत. बोलावणं धाडायचं नाव काढलं नाही. पण रविवारी संध्याकाळी आधण मात्र दोघांचं ठेवायच्या आणि एक कप ओतून द्यायच्या. दादांबद्दल बोलायला त्यांना भाऊजींशिवाय होतं कोण? लेकीला बाबा आठवायचे, पण तिला ते बाबा म्हणून आठवायचे. तरुणपणीचे, उनाड, बायकोला हसवून हसवून रडवणारे दादा आता जगात दोघांनाच माहीत होते, आणि ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. वहिनींना हे फार लागलं होतं. सांगणार कुणाला?

मग एका संध्याकाळी बाजारातून येताना वहिनींना फुटपाथची कड दिसली नाही आणि त्या गुडघ्यावर आपटल्या. लेक धावत आली. गुडघा बघून झाल्यावर ती विचारात पडली, की एवढी ढळढळीत कड आईला दिसली कशी नाही? वहिनी सुई आणायला निघाल्या, पण लेक काही भाऊजी नव्हती. तिने आईला उचलून गाडीत घातलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. जवळचं ठीक दिसत होतं म्हणून कळलं नसेल, म्हणाल्या, पण एवढे दिवस तुम्ही करत काय होता? वहिनी म्हणाल्या, फोटो नीट करत होते. डॉक्टरबाई हसल्या. लेक हसली नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, डाव्याचं नंतर, असं ठरलं आणि उजव्याचं झालंही. पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातच काढली.

वहिनींना पहिल्यांदा दिसली ती भिंत. भिंतीत बघण्यासारखं काय असतं? पण ती पांढरी होती. आजवर त्या ज्याला पांढरं म्हणत होत्या ते याच्यापुढे मळकं होतं. खाली फरशी पुसायची बादली होती, निळी. अशी निळी की वहिनींना तिच्यावरची नजर काढवेना. हा निळा त्यांच्या ओळखीचा होता. दुकानात वरच्या फळीवर त्याचं सगळं खानदान ओळीने बसलेलं असायचं. तो इतके दिवस होता कुठे? गेला कधी? घरातलं माणूस उठून जावं आणि आपल्याला दार वाजल्याचंही कळू नये, असं झालं होतं. त्यांनी नर्सच्या बाहीवरची हिरवी शिवण बघितली, स्वतःच्या हातावरच्या शिरा बघितल्या, ग्लासातल्या पाण्यात थरथरणारा उजेड बघितला. दिसतंय का आजी, असं नर्सने विचारलं तर त्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. रडायचं नाही, डोळ्याला चालत नाही, असा तिने वर दमही दिला.

घरी येताना गाडीतून त्या लहान पोरीसारख्या बाहेर बघत होत्या. हे बघ, ते बघ, ती खिडकी बघ. लेकीच्या केसांत पांढरे केस दिसले, तेही सांगून टाकलं. सिग्नलचा लाल दिवा हिरवा झाला तर त्यांना वाईट वाटलं, इतका तो लाल सुंदर होता. एवढं सगळं जगात आहे आणि फुकट आहे, असं काहीतरी त्या बोलत राहिल्या.

घराचं दार उघडलं. समोर भिंतीवर दादा होते, निळे.

निळसर नव्हे, निळे. ओठ जांभळे, गाल राखेच्या रंगाचे. रात्रभर थंडीत कुणी बाहेर ठेवलेल्या माणसासारखे दादा भिंतीवरून हसत होते. वहिनींनी विचारलं, फोटो कुणी बदलला? लेक खाली बघायला लागली.

वहिनी फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा धरला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने बघितलं. दादा ठीक होते. शर्ट पांढरा, चेहरा तजेलदार, जसे त्यांनी केले होते तसेच. तळवा डाव्या डोळ्यावर नेला. निळे. पुन्हा उजव्यावर. ठीक. कितीतरी वेळ त्या असा तळवा हलवत राहिल्या, आणि मग त्यांना कळलं. थंड-गरमचा तो मणी नुसता साइटवर नव्हता. तो त्यांच्या डोळ्यांत होता. कुणीतरी वर्षानुवर्षं, केसाकेसाने, त्यांना चाहूलही लागू न देता तो पिवळ्याकडे सरकवत होतं, आणि त्या तेवढ्याच जोराने जगाला निळ्याकडे ओढत होत्या. माणसाच्या आत असलं काही चालू असतं आणि माणूस आपला चहा पीत बसलेला असतो! वहिनींना भीतीही वाटली आणि त्या भीतीपेक्षाही मोठं असं काहीतरी वाटलं. 

मग त्यांनी कपाटातले छापलेले फोटो काढले. भाऊजींनी रविवारी रविवारी आणलेले, पिवळे. नव्या डोळ्याने एकेक बघितला. भाचीचं बाळ गुलाबी. मावसबहीण गव्हाळ. पांढरं ते पांढरं. एकही पिवळा नव्हता, कधी नव्हताच. म्हणजे दर आठवड्याला, वहिनींनी पाठवलेला एकेक फोटो घेऊन, भाऊजी तो मणी गुपचूप जागेवर आणत होते. आणि वर रविवारी येऊन बोलणी खात होते. 

पण दादांचा मूळ फोटो? त्यांनी लॅपटॉप उघडला. निळा. 'मूळ फोटो दाखवा' म्हणून जे काही होतं ते दाबून बघितलं, तरी निळाच, कारण जुन्याच्याच जागी जतन करायची त्यांची सवय. भाऊजींनी मोठा छापून आणलेला कागद त्यांनी त्या दिवशी त्यांच्याच हातात परत कोंबला होता. दादांचा फोन केव्हाच कुणाला तरी देऊन टाकलेला. दादा आता कुठेच नीट उरले नाहीत, आणि हे आपण आपल्या हाताने केलं.

काळा चष्मा लावून, लेकीचा हात धरून त्या चौकात गेल्या. भाऊजी कुणाचे तरी ओळखपत्राचे फोटो कापत होते. काळा चष्मा बघून ते कात्री हातात तशीच धरून उभे राहिले.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना मी पुसून टाकलं हो. माझ्याकडे मूळ फोटो नाही. तुमच्याकडे आहे का?"

 भाऊजींनी एक स्टूल पुढे ओढलं, वहिनींना बसवलं आणि मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. फोटो उघडला. वहिनींनी चष्मा काढला. दुकानाच्या दारात, उन्हाळ्याच्या सकाळी, दादा उभे होते. कानाच्या पाळ्या उन्हाने लाल, हनुवटीवर दाढी करताना राहिलेले दोन खुंट, आणि डोळे तपकिरी. ह्यांचे डोळे तपकिरी होते! वहिनी गेली कित्येक वर्षं ते काळेच समजत होत्या. त्या नुसत्या बघत राहिल्या. 

मग भाऊजींनी फोटो मोठा केला. आणखी मोठा. दादांचा चेहरा वर सरकून गेला आणि पडद्यावर शर्टाचा खिसा आला. पांढरा खिसा, आणि त्याच्या कडेने फिरलेली शिलाई, पिवळीधम्मक. वहिनींना तो खिसा आठवला. उसवला होता म्हणून त्यांनीच शिवून दिला होता, पांढऱ्या दोऱ्याने. पांढरा म्हणून घेतलेल्या दोऱ्याने. ज्या बाईने जन्मभर फळीवरून एकच रीळ काढलं, तिच्या हातची ती शिलाई होती.

"ह्यांना दिसलं नाही?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसलं की. शर्ट घालून मुद्दाम इथे आला तो. म्हणाला, काढ माझा फोटो, आणि खिसा नीट येऊ दे." भाऊजींनी पडद्यावरच्या शिलाईवर बोट टेकवलं. "डोळ्यांचं तिला सांगायला माझी छाती होत नाही, म्हणाला, पण बघ, माझ्या खिशाला तिने सोन्याची किनार लावलीय. तुम्ही फोटो निळा केलात वहिनी, आणि ती किनार गेली. म्हणून तसा नाही छापला."

वहिनींनी पडद्यावरच्या त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. टाके सरळ होते, एका मापाचे, रंग तेवढा चुकलेला. तो शर्ट दादा लग्नाकार्याला घालत, बँकेत घालत, चारचौघांत छाती पुढे काढून हिंडत, आणि ते इतकं का मिरवतात हे वहिनींना कधी उमगलं नव्हतं. दवाखान्यात रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. त्या रडल्या. लेकीने रुमाल पुढे केला, तोही घेतला नाही.

भाऊजींनी नाक ओढलं, मशीनमध्ये मोठा कागद घातला आणि माउसवर हात ठेवून सवयीने विचारलं, "पिवळं जरा कमी करू, वहिनी?"

"हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या. "आहे तेवढं सगळं छापा. आणि रविवारी चहाला या."